आईची भाजी स्वच्छच होती

मंडळी, आज डॉक्टरांनी माझ्या रक्ताच्या रिपोर्टवर बोट ठेवलं. "फुफ्फुसांच्या सुजेमुळे इओसिनोफिल, म्हणजे रक्तातल्या या पांढऱ्या पेशी, वाढल्यात. तुमच्या फुफ्फुसांना स्टिरॉइडचा पंप लागू पडेल."

मला आई आठवली. ऐंशीच्या दशकात, आमच्या रोझ बेल गावात, आईच्या रिपोर्टवरही याच पेशी वाढलेल्या होत्या. चुलीच्या धुराने तिची छाती कायमची धरलेली. पण तेव्हा सगळे म्हणाले, पोटात जंत असतील. तिला जंताचं औषध दिलं. वर मी रागावले, "आई, ब्रेदची पालेभाजी नीट धूत जा."

"धुतली गं, तीनदा धुतली," ती धापा टाकत म्हणायची.

शेवटच्या आठवड्यातही ती नळापाशी बसून एकेक पान धूत होती.

पंप समोर आहे. तिची भाजी स्वच्छच होती, हे आता मी कुणाला सांगू?