तुळशीरामभाऊ आणि ब्रुनोचं पोट

तुळशीरामभाऊ सकाळी साडेसातला आमच्या कॉलनीत भाजी घेऊन येत, आणि गिऱ्हाइकांकडे पाहण्याआधी आमच्या कुत्र्याच्या शेणाकडे पाहत. हो, शेणच म्हणत ते. गाय असो, बकरी असो की आमचा ब्रुनो. फाटकासमोरच्या रिकाम्या प्लॉटवर मी ब्रुनोला नुकताच फिरवून आणलेला असे. भाऊ सायकल स्टँडवर लावत, कमरेवर हात ठेवून त्या जागेशी वाकत आणि तिथूनच निकाल सांगत, "आज बरं हाय, सर." नाहीतर, "काल काही तेलकट देल्लं का याले?" पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बायका हसत. मी इकडेतिकडे पाहू लागे. ते मात्र गंभीर असत. "मानसाची तब्येत तोंडावर दिसते. जनावराचं शेन पाहा लागते. थे खोटं बोलत नाही."

अमरावतीहून नांदगाव पेठेकडे जाताना आमची कॉलनी लागते. तिच्या मागेच भाऊंनी दुसऱ्याची जमीन ठोक्याने, म्हणजे वर्षाचं भाडं ठरवून, घेऊन भाजीची वाडी केली होती. वांगी, पालक, बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि एका कडेला देवासाठी झेंडू. साठीच्या आसपासचे, काटक, खांद्यावर नेहमी एक धुतलेला दुपट्टा. मांस-मच्छी त्यांच्या घरात शिजत नसे. भाजी विकून झाली की ते आमच्या पायरीवर बसून डबा सोडत. ज्वारीच्या भाकरीचा पहिला चतकोर ब्रुनोचा. ब्रुनो तोवर त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवून बसलेला असे. लॅब्राडॉर जातीचं हे चांगलं दणकट कुत्रं, पण भाऊंनी हातावर ठेवलेली भाकर तो ओठांनी उचले, दात लागू देत नसे. ते त्याला 'बुरनूबाबू' म्हणत.

त्यांची नजर काय होती, ते एकदा कळलं. ब्रुनो तीन-चार वर्षांचा असेल. त्या सकाळी भाऊंनी त्याला नुसतं उभं पाहिलं आणि मला हाक मारली. "सर, याच्या पोटात काही अडकलं." मी म्हणालो, आत्ताच तर दूध प्यायला. "प्याला असन. पन पाठीची कमान पाहा. दुखत असल्याबिगर जनावर असं उभं नाही राहत." मी त्यांच्या समाधानासाठी त्याला दवाखान्यात नेलं. त्याच्या पोटातून माझा पायमोजा निघाला. दोन दिवस उशीर झाला असता तर आतडं कापावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. वैशालीने, माझ्या बायकोने, भाऊंना त्या दिवशी घरात बोलावून जेवू घातलं. हे सगळं मला माहीत होतं. पुढे मी जे केलं, ते हे माहीत असताना केलं.

ब्रुनो सात वर्षांचा झाला आणि त्याला खाज सुटली. पाय चावायचा, कान खाजवून लाल करायचा. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. कुठल्याही गोष्टीचा आपण अभ्यास करू शकतो, असा मला भरवसा आहे. दोन आठवडे मी मोबाईलवर कुत्र्यांच्या आहाराबद्दल वाचलं, व्हिडिओ पाहिले, आणि माझं मत पक्कं झालं. दोष धान्याचा. कुत्र्याला कच्चं मांसच द्यायला हवं. मोठ्या कुत्र्याचं अन्न बदलताना आठवडे लावा, थोडं थोडं मिसळा, चरबी टाळा, आधी डॉक्टरांशी बोला, असंही त्या व्हिडिओंत सांगितलेलं होतं. तो भाग मला कंटाळवाणा वाटला. मी तो पुढे सरकवला.

पहिल्या दिवशी भाऊंनी डबा सोडला तेव्हा मी पायरीवर जाऊन उभा राहिलो. वैशाली मागे दारात होती. "भाऊ, आजपासून याला भाकर द्यायची नाही. आता हा फक्त कच्चं मांस खाणार."

त्यांच्या हातातला चतकोर हातातच राहिला. ब्रुनो त्याच्याकडे पाहत होता. "कावून? भाकरीनं काही झालं का?"

"त्यानेच तर सगळं होतंय. धान्य हे कुत्र्याचं अन्नच नाही."

मला वाटलं, मांस म्हटल्यावर ते तोंड वाकडं करतील. तसं काही झालं नाही. चतकोर त्यांनी डब्यात परत ठेवला आणि म्हणाले, "द्या न मांस. कुत्र्याची जातच हाय ती, मी कोन नाही म्हननारा? पन एकदम नोका देऊ, सर. उन्हाळाभर कडब्यावर असलेल्या बैलाले पावसाळ्यात एकदम हिरवा चारा टाकला तं बैल फुगते. आमी कडब्यात मूठ मूठ हिरवं मिसळतो, रोज शेन पाहतो, मंग वाढवतो. इतके वर्सं भाकर-भात खाल्लेलं पोट हाय याचं. त्याले वेळ द्या लागन."

"भाऊ, ते बैल आहेत," मी म्हणालो. "याचं शास्त्र वेगळं असतं."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. डब्याचं झाकण लावता लावता म्हणाले, "शास्त्र मले नाही समजत. पन आपल्या मनातली घाई त्याच्या पोटात कावून घालता?"

 भाजीवाला मला शिकवतोय, एवढंच त्या वेळी मनात आलं. हे लिहायची लाज वाटते, पण आलं ते हेच.

ब्रुनोने कच्चं मांस पाहिलं आणि तो वेडाच झाला. मी फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकले, लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. तीन दिवस मी त्याला पोटभर मांस दिलं, कातडीसकट कोंबडी आणि बोकडाच्या चरबीचे तुकडे. चरबी त्याला आवडते म्हणून खाटकाकडून मुद्दाम मागून आणली होती. तिसऱ्या दिवशी शेण पातळ झालं. भाऊ प्लॉटवर वाकले, बराच वेळ वाकलेले राहिले, आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "सर, थांबा आता." मी ऐकून न ऐकल्यासारखं करून आत गेलो.

चौथ्या दिवशी सकाळी ब्रुनो उठला नाही. पुढचे पाय ताणून, छाती जमिनीला लावून, मागचा भाग वर करून तो थरथरत होता आणि पिवळं ओकत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी सलाईन लावलं, रक्त काढलं आणि विचारलं, "काय खाल्लंय याने?"

ताटलीत मी काय काय वाढलं होतं ते सगळं मला आठवत होतं. आणि मी म्हणालो, "एक भाजीवाला येतो. तो याला काहीतरी देत असतो."

एकदा बोललो की पुढचं सोपं झालं. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्याच मी ग्रुपवर लिहिलं, "भाजीवाले तुळशीराम यांनी काहीतरी खाऊ घातल्यामुळे ब्रुनो गंभीर आजारी आहे. बाहेरच्या लोकांना आपल्या प्राण्यांजवळ येऊ देऊ नका. सर्वांनी काळजी घ्यावी." लोक फार चिडले. आमच्याकडे लहान मुलं आहेत, असं कोणीतरी लिहिलं. त्याला आत येऊ देऊ नका, असं कॉलनीच्या अध्यक्षांनी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी गॅलरीत होतो. कॉलनीच्या गेटवर वॉचमन गजाननने भाऊंची सायकल अडवलेली दिसली. काही बोलणं झालं. गजाननने खिशातून मोबाईल काढून काहीतरी वाचायला घेतलं. भाऊ मान पुढे करून ऐकत होते. मग त्यांनी आमच्या घराकडे पाहिलं. मी मागे सरकलो आणि पडदा ओढून घेतला. थोड्या वेळाने फटीतून पाहिलं तर ते सायकल वळवत होते. भाजीने भरलेली सायकल वळवायला जड जात होती, आणि गजानन मागून भाजीचं क्यारेट धरून मदत करत होता.

त्याच दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. स्वादुपिंडाला सूज. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, अलीकडे आहारात काय बदललं? मी कसलीतरी सुरुवात करत होतो, तोवर वैशालीने सगळं सांगून टाकलं. सात वर्षांचं खाणं एका दिवसात बंद, सगळं कच्चं, वरून चरबी. "आणि भाजीवाल्या भाऊंनी आमच्यासमोर सांगितलं होतं, एकदम देऊ नका म्हणून." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तो माणूस बरोबर बोलला. एकदम बदल आणि एवढी चरबी. दुसरं कारण शोधायची गरज नाही."

रिक्षात वैशाली म्हणाली, "आता ग्रुपवर लिहा." मी म्हणालो, लिहितो. संध्याकाळी लिहिलं, "ब्रुनोची तब्येत आता सुधारत आहे. सर्वांचे मनापासून आभार." वैशालीने ते वाचलं आणि मोबाईल माझ्यासमोर पालथा ठेवला. त्या दिवसानंतर तिने हा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

ब्रुनो वाचला. महिनाभर मऊ भात आणि उकडलेली, बिनचरबीची कोंबडी. नंतर मी डॉक्टरांना भीत भीत विचारलं, कच्चं मांस कधीच नाही का? ते म्हणाले, माझा आग्रह नाही, पण द्यायचंच असेल तर भातात एक चमचा, तेही चरबी काढलेलं. त्याला पचलं तर आठवड्याने दुसरा. "आणि रोज त्याची शी बघा. बिघडली की आधीच्या प्रमाणावर मागे या." मी रोज सकाळी त्या रिकाम्या प्लॉटवर कमरेवर हात ठेवून वाकू लागलो. कॉलनीतले लोक जाता-येता पाहत. चमच्याचे दोन चमचे झाले, भात कमी होत गेला, आणि अडीच-तीन महिन्यांनी ब्रुनो पूर्ण कच्च्या मांसावर आला, कसलाही त्रास न होता. खाज कमी झाली. ती मांसाने झाली की डॉक्टरांच्या औषधाने, हे मला आजही सांगता येणार नाही.

एवढ्या दिवसांत मी भाऊंच्या वाडीकडे गेलो नाही. कॉलनीच्या भिंतीला लागून होती ती. एकदा गच्चीवरून पाहिलं तर वांग्यांच्या जागी गवत. गजाननला विचारलं. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "गेले न ते. आपली कॉलनीच त्याइचं मेन गिऱ्हाइक होती. मूर्तिजापूरले पोरीकडे राह्यतात आता."

आणखी दीड महिना गेला. मग एका रविवारी मी बडनेऱ्याहून गाडी पकडली. मूर्तिजापूरच्या पुढे, बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांपलीकडे त्यांच्या जावयाचं शेत होतं. भाऊ तुरीच्या कडेला निंदत बसले होते. मला पाहून उठले, हात झटकले, आणि त्यांनी पहिलं विचारलं ते हे, "बुरनूबाबू हाय न?"

"आहे. बरा आहे," मी म्हणालो, आणि त्यांनी डोळे मिटून मान हलवली. तेव्हा कळलं. इतके महिने ते मेल्या-जगल्याची बातमी नसताना राहिले होते.

मी सगळं सांगितलं. रिपोर्ट, चरबी, डॉक्टर काय म्हणाले ते. गॅलरीतून पाहत होतो, तेही सांगितलं. "चूक माझी होती, भाऊ. मला माफ करा. तुम्हाला हे सांगायलाच आलो."

ते दुपट्ट्याने हात पुसत राहिले. "मले काय सांगता, सर? मी काही देल्लं नाही हे मले मालूमच होतं. ज्याइले मालूम नाही त्याइले सांगा."

 घराच्या दारात एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या पत्नी. मी नमस्कार केला तशा त्या आत गेल्या. चहाचं कोणी विचारलं नाही. वऱ्हाडात दारी आलेल्या माणसाला चहा विचारत नाहीत, असं मी प्रथमच पाहत होतो.

भाऊंनी आवाज खाली आणला. "तिचं मनावर नोका घेऊ. भाकर ती करे न. तवापासून तिच्या मनात बसलं हाय, त्याले शेवटी देल्लेल्या भाकरीचं पीठ जुनं होतं म्हनून. मी लय समजावलं. मले बरं वाटावं म्हनून तुमी तसं म्हनता, म्हनते. एवढा शिकलेला मानूस खोटं कावून लिहीन, म्हनते."

परतीच्या गाडीत मला बसायला जागा होती, तरी मी दाराशी उभा राहिलो. घरी आल्यावर बूटही न काढता मोबाईल घेतला आणि ग्रुपवर लिहिलं. तुळशीरामभाऊंनी ब्रुनोला काहीही अपायकारक दिलं नव्हतं. तो माझ्यामुळे आजारी पडला. भाऊंनी मला आधीच सावध केलं होतं. रिपोर्ट आला त्या दिवसापासून मला हे माहीत होतं, तरी मी गप्प राहिलो, आणि माझ्या खोटं बोलण्यामुळे त्यांची वाडी सुटली. वैशालीला वाचायला दिलं. तिने 'गैरसमजामुळे' हा माझा एक शब्द खोडायला लावला. मग पाठवलं.

 अध्यक्षांनी लिहिलं, "जाऊ द्या सर, जुनी गोष्ट झाली." एकीने विचारलं, मग आता ते पुन्हा येतील का? सांभार फार ताजा असायचा त्यांचा.

मी भाऊंना फोन केला. सांगितलं की लिहिलं. परत या, अशी सगळ्यांची इच्छा आहे, असंही म्हणालो.

"नाही येत, सर. इथं बरं हाय." मग म्हणाले, "काय लिहिलं, वाचून दाखवा."

मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.  संपल्यावर पलीकडून भांड्यांचा आवाज आला, त्यांनी कोणाला तरी हाक मारली, आणि मग म्हणाले, "थांबा, फोन मोठ्या आवाजावर करतो. आता पुन्हा एक डाव वाचा. हिले आयकू द्या."

मी पुन्हा वाचायला लागलो.