मन्मथनं सुरी न लावलेले रोल

मन्मथ गेल्याची बातमी मला लातूरच्या दालमिलवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. गुलाबाच्या दोन फुलांच्या मधोमध त्याचा फोटो, कुणाच्या तरी लग्नातला कापून काढलेला, डोक्यावर फेटा तसाच. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मग जोडलेले हात, आणखी जोडलेले हात, आणि लगेच खाली तुरीचा आजचा भाव. पुढची सगळी चर्चा त्या भावावर. मी फोन डाळीच्या पोत्यावर आपटला. ह्यातल्या निम्म्यांच्या मिली मन्मथच्या रबरावर चालतात, आणि ह्यांना त्याच्यासाठी तासभर गप्प बसवलं नाही! थोड्याच दिवसांपूर्वी मी त्याला नांदेडच्या दवाखान्यात भेटून आलो होतो. चादर बाजूला सारून त्यानं खालची गादीवरची रबरी शीट मला दाखवली. “बघ, काय अंथरलंय. हात लाव, चिकट लागायलंय. शी! जन्मभर ह्याच भेसळीच्या मालाला शिव्या दिल्या अन् आता ह्याच्यावरच निजवलंय मला.” हसताना त्याला खोकला आला... पाठ फिरवताना मी ती शीट चाचपली. खरंच चिकट होती.

आम्ही दोघं उदगीरचे, एका बाकावरचे. माझ्या घरी डाळीचा धंदा, मी डाळीत पडलो. त्याच्या घरी किराणा, पण ह्यानं नांदेडला जाऊन रबराच्या शीटचं आणि रोलचं दुकान टाकलं. त्याच्या चुलत्यानं तेव्हा भर पंगतीत विचारलं होतं, “रबर काय खायची वस्तू हाय का? कोण घेतंय?” कोण घेतंय! माझ्या मिलची चाळणी हादरते, तिच्या पायाखाली रबर. वाफेच्या पाइपाच्या जोडात रबराची चकती, नाहीतर वाफ तोंडावर. ट्रकच्या हौद्यात रबर, बसच्या पायरीवर रबर, गोठ्यात म्हशीचे गुडघे सोलू नयेत म्हणून रबर, मिरवणुकीच्या जनरेटरखाली रबर. आणि विजेच्या पॅनलसमोर, जिथं माणूस उभा राहून खटका ओढतो, तिथं वीज अडवणारी रबरी मॅट. हे सगळं पायाखालचं किंवा आतलं, म्हणून कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. मन्मथच्या मात्र सगळं डोळ्यांत भरायचं. माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी हा नवरदेवाला सोडून मंडपाच्या मागं विजेच्या डब्यापाशी उकिडवा बसलेला मला सापडला होता. डब्यासमोर काही अंथरलेलंच नव्हतं. मंडपवाल्याला त्यानं ज्या शिव्या दिल्या, त्या बायकांपर्यंत ऐकू गेल्या. मला तेव्हा त्याचा रागच आला होता.

पण त्याला खरी किळस आलेली मी पाहिली ती बिलोलीच्या प्रकरणात. बसवराज हा त्याचा चुलतभाऊ, त्याच्या दुकानाला वरचेवर माल पुरवणारा. गोड बोलण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. मन्मथ गावाला गेलेला असताना त्यानं दुकानातल्या माणसाकरवी बिलोलीकडच्या एका कापसाच्या जिनिंग मिलला विजेच्या मॅटचे रोल पाठवले. वरून शिक्का झकास, आत जुन्या टायरचा चुरा आणि वीज वाहून नेणारी काजळी. सरकी भिजून ओल आलेली, ऑपरेटर निर्धास्त मॅटवर उभा राहिला आणि खटका ओढताना फेकला गेला. जगला, पण उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मन्मथनं मला लातूरहून बोलावून घेतलं, आम्ही दोघं त्या माणसाला बघून आलो. परतताना बसवराजचा फोन. मन्मथनं स्पीकर लावला. पलीकडून पहिलं वाक्य आलं, “मेला तर न्हाई ना? मग बास की! कशाला वाढवायलास?” मन्मथनं गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि बाभळीखाली ओकला. मी पाणी दिलं तर चूळ भरून म्हणाला, “ह्याच्या अन् माझ्या रक्तात काय फरक हाय रे?”

त्यानंतर त्यानं बसवराजच्या घरचं अन्न सोडलं. आमच्याकडं भावकीच्या पंगतीतून उठून जाणं म्हणजे साधी गोष्ट नाही. बोलणं बंद झालं तरी चालतं, जेवण बंद झालं की गाव विचारतं. लोकांनी समजावलं, जंगम स्वामींनी समजावलं. हा आपला घरून डबा नेऊन मंडपाच्या बाहेर खायचा. आणि ते रोल त्यानं पदरच्या खर्चानं परत आणून गोदामात संडासाच्या भिंतीला उभे केले. मी म्हटलं, जाळून टाक. “जाळलं तर गल्लीच्या नाकात जातंय.” मग फेक. “भंगारवाला उद्या दुसऱ्याला इकतोय.” मग कापून तुकडे कर बाबा, पट्ट्या झाल्यावर कोण मॅट म्हणून घेणार? तर म्हणे, “माझी सुरी त्याला लावणार न्हाई. विटाळ होतो.” असा हा माणूस. रोल तसेच उभे राहिले, वर्षामागून वर्षं, आणि संडासाला जाताना तो त्यांच्याकडं तोंड फिरवून जायचा.

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. मन्मथला बसवलं, विभूती लावली, बेल वाहिला. मी माती टाकून मागं सरलो तर बसवराज वहिनींच्या, म्हणजे मन्मथच्या बायकोच्या, भावाला बाजूला घेऊन विचारत होता, “दुकानाची चावी कुणापाशी हाय?” त्याच्या हाताला अजून माती होती... मला त्या क्षणी जी शिसारी आली ती हे लिहितानाही गेलेली नाही. पुढं शोकसभेत हाच माणूस डोळे पुसत ‘आमच्या मन्मथअप्पाचा आदर्श’ म्हणून बोलला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या!

महिन्याभरानं वहिनींनी मला नांदेडला बोलावलं. दुकानाचं ठरवायचं होतं. मन्मथच्या आजारपणात दुकान शिवानी, त्याची मुलगी, बघत होती. पण भावकीचं म्हणणं, पोरीच्या जातीला रोल उचलायचा धंदा शोभत नाही, उद्या लग्न होऊन जाईल. बसवराज दुकान चालवायला तयार होता. पाटी मात्र मन्मथचीच ठेवायची, कारण नावाला पत आहे. वहिनी गळून गेल्या होत्या, हो म्हणायच्या बेतात होत्या. दुकानातच गादीवर बसायचं म्हणून सगळ्यांच्या चपला दाराशी. बसवराजची नजर गोदामात फिरत होती, ती संडासाच्या भिंतीशी थांबली. “हे बी चांगलं पडून हाय की. ग्रामपंचायतींना लागतंय. पुसून घेतलं की नवं.”

शिवानी उठली. एक रोल आडवा पाडला, हातभर उलगडला आणि ढकलत मीटरच्या पॅनलसमोर नेला. मग पॅनलचं झाकण उघडलं.

“काका, ह्याच्यावर उभे राहा. असेच, अनवाणी. अन् खटका ओढा. मग चावी तुमची.”

“येडी झालीस का?”

“चांगलं हाय मनलाव की आत्ता.”

बसवराजनं माझ्याकडं बघितलं, वहिनींकडं बघितलं. “पोरीला बोलायची रीत शिकवली न्हाई मन्मथनं,” म्हणत तो दाराशी चपला शोधायला लागला. वहिनी जाग्यावरून हलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “चावी शिवानीपाशी ऱ्हाईल, भावजी.”

तो गेल्यावर शिवानीनं बादलीत साबणाचं पाणी केलं. रबर कोरडं कापलं तर पातं अडकतं, म्हणून सुरी साबणात बुडवत बुडवत कापतात. मन्मथच्या हातांना जन्मभर तोच वास यायचा. ती रोल उलगडत गेली, पट्ट्या पाडत गेली. मला राहवलं नाही. म्हटलं, “अगं, तुझ्या अप्पानं ह्याला कधी सुरी लावली नाही. विटाळ होतो म्हणायचा.”

तिनं मान वर केली नाही. “हाव, मला ठाव हाय,” ती म्हणाली. “सुरी धुता येती की, काका.”