नागपुरात कुठे?

"खोटं बोलायची मले लाज नाही गा, पण माझं तोंड पाहून समोरच्याले लगेच समजते." प्रशिकच्या सोयरिकीच्या वेळी मध्यस्थानं पोराचा पगार थोडा वाढवून सांगा असं सुचवलं, तेव्हा आनंदराव हे बोलले होते. मुलीकडचे हसले, आणि पगार होता तेवढाच सांगूनही लग्न जुळलं. दीप्ती सून म्हणून घरात आली. पुढे प्रशिक नागपूरच्या मिहान उद्योगनगरीतली नोकरी सोडून तिला घेऊन इंग्लंडला गेला. आनंदरावांची बायको तारा त्याआधीच वारली होती. टेलिफोनच्या खांबांवर चढून आयुष्यभर इतरांची बोलणी जोडून देणारा हा माणूस वैशालीनगरच्या घरात रेडिओशी बोलत राहिला.

वैशालीनगरची ती गल्ली दुपारी इतकी शांत, की कोणाच्या घरचा कूलर खडखडतो आहे ते पडल्या पडल्या ओळखता यावं. मे महिन्यात ज्या संध्याकाळी आनंदराव इंग्लंडला निघाले, त्या संध्याकाळी मात्र सगळी गल्ली बाहेर उभी होती. शेजारच्या विश्वनाथनं टॅक्सी ठरवली होती, आणि तिच्यासोबत फुकटचे सल्लेही.

"आनंदभाऊ, मफलर घेतला का? तिकडे थंडी राह्यते."

"मे चालू आहे गा."

"तिकडचा मे वेगळा राह्यते. अन् किती दिवस म्हणता?"

"पोरगा म्हणते सहा महिने राहा. मले वाटते पंधरा दिवसांत कंटाळून तोच मले हाकलून देईन."

"त्याचं काय चुकलं मंग? आमीच तेवढे इतकी वर्षं सहन करून राहिलो."

टॅक्सी हलली. शेंबड्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी जय भीम घातला, आणि आनंदरावांनी काच खाली करून प्रत्येकाला वेगळा परत दिला. विमान चुकलं तर पैसे कोण देणार, या चिंतेनं टॅक्सीवाला घामाघूम झाला.

विमानातल्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माणसाला खुर्चीला बांधतात, गोठलेलं लोणी खायला देतात, दोहात उतरवून पुन्हा बांधतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लंडनला सोडून देतात. गर्दीत प्रशिक दिसला तसे आनंदराव लांबूनच ओरडले, "जय भीम, बेटा!" प्रशिकनं आधी आजूबाजूला पाहिलं, मग धावत येऊन बापाला मिठी मारली. मिठी इतकी घट्ट होती की तो जय भीम मध्येच चेंगरला.

गाडी शहराबाहेर पडली आणि हिरवळ सुरू झाली. ती संपेचना. दगडी कुंपणं, चर्चचे सुळके, पुन्हा हिरवळ. एवढं सौंदर्य एकाच देशानं साठवून ठेवलेलं पाहून माणसाला संशय यावा.

"इथचे लोकं कुठं गेले गा?" आनंदरावांनी विचारलं.

"घरात असतात, बाबा."

"अन् मेंढ्या बाहेर."

"हो."

"असू दे. चालते."

प्रशिक हसला. बऱ्याच दिवसांनी तो असा हसला असावा. पण मग तो घसा साफ करत म्हणाला, "बाबा, आज संध्याकाळी एक जोडपं जेवायला येणार आहे. गिरिधर आणि त्याची बायको शामला. गिरिधर आपल्या नागपूरचाच, धरमपेठेचा."

"वा! मंग तर मजाच."

"फक्त एक करा. त्यांनी विचारलं नागपुरात कुठे, तर रामदासपेठ म्हणा."

"काहून?"

"मी तसं सांगितलंय."

"पण सांगितलं काहून?"

"बाबा, इथे कोणी असलं काही मानत नाही. सगळे मोकळ्या मनाचे आहेत. म्हणून तर तो विषयच नको."

नागपूरचा माणूस परदेशात भेटलेल्या नागपूरकराची जात विचारत नाही. तेवढा असंस्कृत तो राहिलेला नाही. तो नुसता मोहल्ला विचारतो. बाकीचं त्याचं तो जुळवून घेतो आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू देत नाही.

"त्या घरात तू जन्मला, प्रशिक," आनंदराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले.

"एक संध्याकाळ, बाबा. मला या लोकांत राहायचंय."

आनंदरावांनी मान हलवली. पोरानं काही मागितलं आणि आपण दिलं नाही, असं आजवर झालं नव्हतं.

घराला नंबर नव्हता, नाव होतं: रोझ कॉटेज. गुलाब एकही नव्हता. दीप्तीनं दारातच "जय भीम, बाबा" म्हटलं, पण बॅगा घेऊन आत गेलेल्या नवऱ्याला ऐकू जाणार नाही इतकं हळू. बैठकीच्या कोपऱ्यात बुद्ध होता. फर्निचरच्या दुकानातून आलेला, दिव्याखाली बसवलेला, कोणाच्याही घरात चालून जाईल असा.

पाहुणे वेळेवर आले. "हा कोपरा किती शांत वाटतो ना!" शामलानं बुद्धाचं कौतुक केलं. आनंदरावांनी आणलेली संत्रा बर्फी जेवणाआधीच उघडली गेली. गिरिधर तर तिच्या पहिल्याच घासाला विरघळला.

"काय म्हणते काका नागपूर? ऊन काय म्हणून राहिलं?"

"पेटून राहिलं ना बावा. चप्पल घराबाहेर ठेवली तर चटका बसते पायाले."

पोरगा बरा होता. आनंदरावांना वाटलं, उगाच घाबरवलं आपल्याला. पानं वाढली गेली, आणि गिरिधरनं वरणात बोट बुडवत विचारलं, "रामदासपेठेत कुठे पण, काका? माझी मावशी राहते तिथं."

प्रशिकचा हात थांबला. आनंदरावांनी प्रयत्न केला, अगदी मनापासून केला. "रामदास..." एवढं तोंडातून आलंही. पुढे मात्र गल्ली आली, ताराचं अंगण आलं, खांबावरून उतरून घरी जातानाचा रस्ता आला.

"वैशालीनगर," ते म्हणाले. "विहाराच्या मागं. हा तिथंच जन्मला."

"अरे वा," गिरिधर म्हणाला. त्या दोन शब्दांत कुठेही काही कमी-जास्त नव्हतं. शामलाला अचानक काकडीची कोशिंबीर फार आवडू लागली.

तेवढ्यात प्रशिक हसला. "बाबांचं हल्ली असं होतं. आई गेल्यापासून. त्या भागात नोकरी केली ना, मग कुठलंही कुठे जोडतात. डॉक्टरला दाखवायलाच आणलंय इकडे."

टेबलावर हायसं वाटलं. एका माणसाचं डोकं गेलं, पण बाकीच्यांचं जेवण वाचलं. गिरिधरनं माया दाटून येऊन सांगितलं, त्याच्या आजोबांचंही असंच व्हायचं. शामला आनंदरावांकडे वाकून, लहान पोराला विचारावं तशी मोठ्यानं म्हणाली, "काका, भाजी वाढू? भाजी?"

आनंदरावांनी दीप्तीकडे पाहिलं. दीप्ती ताटातला भात चमच्यानं सारखा करत होती. त्यांनी प्रशिककडे पाहिलं. प्रशिक शामलाला म्हणत होता, "थोडीच वाढा, त्यांना कळत नाही पोट भरलेलं."

आनंदराव उठले. बेसिनवर जाऊन त्यांनी हात धुतले, नीट पुसले.

"बाबा, बाथरूम वर आहे," प्रशिक म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "बाबा?"

"कोणीतरी सोबत जा रे," गिरिधर खुर्ची मागे सारत म्हणाला.

आनंदराव दाराशी बसून बूट घालत होते. दोन्ही नाड्या त्यांनी सावकाश बांधल्या. बाहेर अजून चांगला उजेड होता. त्यांनी दार उघडलं आणि ते रस्त्यानं चालू लागले.