मेव्हण्याची हमी मागे घेतली तेव्हा

बहिणीच्या नवऱ्याला दोह्याला आणलं ती माझीच हौस. १९६०च्या दशकाची सुरुवात, मी एका अरब व्यापाऱ्याकडे कारकून होतो. माझ्या शब्दावर शेठने मेव्हण्याचा परवाना काढला आणि कागदावर माझी सही घेतली: हा माणूस बिनकामाचा राहिला तर त्याचं खाणंपिणं नि परतीची बोट माझ्याकडे. एकुलती एक धाकटी बहीण. आईबाप गेल्यावर तिचं लग्न मीच लावून दिलेलं. सही करताना मागचापुढचा विचार कोण करतो?

मेव्हणा सुतार चांगला, पण अंगात आळस मुरलेला. आठवडाभर काम केलं की ऊन सोसत नाही, मुकादम शिव्या देतो, हात दुखतो. खलास, परत खोलीवर. दोह्याच्या मुशैरिब मोहल्ल्यात आम्हा रत्नागिरीकडच्या गाववाल्यांची एक खोली होती, तिथे गादीवर लोळत पडायचा. ताटात आयता भात येतोय, तर हातपाय कशाला हलवा? आणि तो भात मीच पुरवत होतो.

त्यात खोलीत लिहितावाचता मी एकटा. शुक्रवारी नमाजानंतर सगळ्यांची घरची पत्रं मी लिहायचो. जो जसं सांगेल तसं उतरवायचं, आपलं डोकं चालवायचं नाही, हा रिवाज. मेव्हणा सांगायचा, "लिहा भाई, काम जोरात आहे, पुढच्या महिन्यात पैसे धाडतो." माझ्याच बहिणीला ही थाप मी माझ्याच हाताने लिहायचो. लाज वाटायची, तरी लिहायचो.

मग तिचं पत्र आलं, गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. "तुम्ही कमावता आहात, म्हणून खंडाने घेतलेलं शेत यंदा सोडून दिलं." मेव्हण्याला ते वाचून दाखवता दाखवता माझं टाळकंच फिरलं. त्या शेतावर तिची चूल पेटत होती. म्हटलं, आता बस्स.

शनिवारी शेठसमोर जाऊन उभा राहिलो. हमी मागे घेतो म्हणालो. परतीची बोट देईन, पण त्यापुढे एक दिवससुद्धा नाही. "तुझा नातेवाईक आहे, विचार कर," शेठ म्हणाला. केलाय, म्हटलं. त्याने कागद काढून माझ्या सहीवर रेघ मारली.

मेव्हण्याने आधी पाय धरले, मग शिव्या घातल्या, मग रडला. "बहिणीचा संसार मोडताय तुम्ही."

"संसार तिकडे आहे, तिकडे जाऊन कर," मी म्हणालो. आणि बोटीच्या आधी पोचेल असं हवाई टपालाने तिला पत्र टाकलं, पहिल्यांदाच माझ्या मनातलं. थापा, गादी, सगळं खरं खरं लिहिलं.

काय अक्कल म्हणायची माझी. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं लिहिली आणि हेच विसरलो की बहिणीला वाचता येत नाही. परमुलखातून पत्र आलं की आमच्याकडे मास्तर ओटीवर बसून मोठ्याने वाचतात आणि शेजारपाजार गोळा होतो. माझं पत्र अख्ख्या मोहल्ल्याने ऐकलं. तिचं उत्तर आलं मास्तरांच्याच अक्षरात: "हे पोचले. तू आता माझ्या दारात येऊ नकोस."

सुट्टी मिळाली तसा गेलोच. तिने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. हमी मागे घेतल्याची माफी मी मागितली नाही, आजही मागणार नाही. पत्राची मागितली. मग बाजारातून पाटी आणली आणि सांगितलं, तू वाचायला शिकल्याशिवाय मी हलत नाही. चार दिवस तिने पाटीकडे पाहिलं नाही. पाचव्या दिवशी ओढून घेतली. माझी सगळी सुट्टी त्या ओटीवर गेली.

वर्षभराने दोह्यात एक पत्र आलं. वाकडी, मोठाली अक्षरं, चार ओळींत पान संपलेलं.

"भाई, हे रोज बंदरावर होड्या दुरुस्त करायला जातात. शेत परत घेतलं. तुझ्यावरचा राग गेला नाही. हे मी कोणाला वाचून दाखवलेलं नाही."