तीजेचा गुपचुप

तेलीबांध्याच्या तलावाजवळ गुपचुप, म्हणजे आपली पाणीपुरी, विकणारी ती बाई रोज पहिला गुपचुप स्वतःच खाते, डोळे मिटून. पाणी जमलं की नाही ते बघते. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, पण तिखटाच्या बाबतीत तिच्याच शब्दावर चालते.

तीजेला इथे बायका नवऱ्याच्या आयुष्यासाठी पाणीसुद्धा पीत नाहीत. तिचा नवरा तिलाच अर्धमेली करून जेलमध्ये गेलेला, आणि शिक्षेविरुद्ध बिलासपूरच्या हायकोर्टात त्याचं अपील चालू. नेमकी तीजेच्या संध्याकाळी नणंद गाड्यावर आली.

"वहिनी, माफ केलं म्हणून सांग ना कोर्टात. भैया सुटून जाईल."

"अपील करू दे न त्याले, हक्क आहे त्याचा. तारखेले मी बी जाऊन राहिली."

"आज तरी असं बोलू नको. तीजा आहे!"

"हव, माहीत आहे मले," म्हणत तिने एक गुपचुप भरला, पाण्यात बुडवला आणि नणंदेसमोरच खाल्ला.

पुढच्या आठवड्यात गाडा बंद दिसला. परत लागला तशी मी धावतच गेले.

"काय झालं?"

"शिक्षा कायम." तिने डोळे मिटून पहिला गुपचुप खाल्ला. "दीदी, आज पाणी मस्त जमलं."