मच्छी मी परत पाठवली

पुण्याच्या जपानी हॉटेलातली मच्छी माझ्या बायकोने तीन वेळा परत पाठवली नव्हती. ती मी पाठवली होती.

एवढं लिहायला मला सहा वर्षं लागली. आमच्या दवनीवाड्यात विचारा, नाहीतर व्याह्यांच्या तिरोड्यात विचारा, लोक अजूनही सुमनचंच नाव सांगतात. बिचारीचा गुन्हा एकच, तिने माझ्याशी लग्न केलं.

आमची मंजू आणि नितेश दोघंही पुण्यात नोकरीला. त्यांनी एकमेकांना पसंत केलं होतं, बोलणी तेवढी पक्की व्हायची होती. नितेशची कंपनी जपानी, म्हणून दोन्ही घरच्यांनी जपानी मच्छीच्या हॉटेलात जेवावं असं त्याने ठरवलं. (गोंदियात हॉटेलं नाहीत का? आहेत. पण मुलीच्या बापाने असले प्रश्न विचारायचे नसतात!) आम्हा दोघांना तिथे बसवून, जेवणाची ऑर्डर देऊन, तो मंजूला घेऊन आपल्या आईवडिलांना आणायला स्टेशनवर गेला.

जोडे बाहेर काढून चटईवर, ठेंगण्या टेबलाशी बसायचं होतं. मला हायसं वाटलं. गोंदियाहून एवढा प्रवास करून शेवटी पंगतच!

मग झग्यासारखा रंगीत पोशाख घातलेली एक मुलगी आली आणि तिने आमच्यापुढे लाकडाची होडी ठेवली. होडीत बर्फ, बर्फावर हिरवं पान आणि पानावर मच्छीचे गुलाबी तुकडे. कच्चे! हळद नाही, मीठ नाही, विस्तवाचं दर्शनसुद्धा नाही.

मी अजिबात गोंधळलो नाही. तिथेच चुकलं.

आमच्या घरची रीत अशी, की व्याही जेवायला येणार असले तर बोदलकसा तलावाची मच्छी आणतात आणि परातीत घालून आधी घरच्या कर्त्यापुढे धरतात. कर्त्याने अंगठ्याने दाबायची, वास घ्यायचा, मान हलवायची. मगच ती चुलीकडे जाते. व्याह्याच्या ताटात शिळी मच्छी गेली तर सोयरीकच धोक्यात! मला वाटलं, वा, जपानी लोकांतही हीच रीत दिसते.

मी एकेक तुकडा दाबला, हुंगला आणि म्हणालो, "बढिया है. ले जाओ."

मुलगी घाबरली. "सर, पसंद नहीं आया?"

"बहुत पसंद आया! ले जाओ, ले जाओ!"

ती होडी घेऊन गेली. सुमन माझ्या कानाशी लागली. "आयकता का जी? मले वाटते, हे असंच खातेत. त्या बाजूच्या टेबलावर पाहा."

"कच्ची मच्छी? ते काय मांजरं आहेत का?"

"मंग ते चावून काय राहिले?"

"तू चूप बस. मले मच्छीतलं समजते."

दहा मिनिटांनी दुसरी होडी आली, पहिलीपेक्षा मोठी. यात झिंगेही होते. (आता कळतं, बिचाऱ्यांना वाटलं होतं की गिऱ्हाइकाला आधीचा माल आवडला नाही.) मी पुन्हा दाबलं, हुंगलं, पाठवून दिलं. या वेळी सूचनाही दिली, "रस्सा थोडा तीखा रखना."

तिसऱ्या होडीत अंगभर बटणं लावल्यासारखा कसला तरी पाय होता (ऑक्टोपसचा, हे मागाहून कळलं). मी तो दाबला. त्याने मला उलट दाबल्यासारखं वाटलं. पण कर्त्याने घाबरून कसं चालेल? "ये भी चलेगा. लेकिन इसको जरा ज्यादा पकाना!"

मुलगी आत पळाली आणि बाहेर आला तो खुद्द आचारी! म्हातारा, जपानी, पांढरी टोपी, डोळे भरलेले. माझ्यापुढे उभा राहिला आणि कमरेत पार वाकला. आता माझ्याहून थोर माणूस माझ्यापुढे वाकतो म्हणजे काय? मी उठलो, "अरे, नोका, नोका!" म्हणत त्याला दोन्ही खांद्यांनी उचललं आणि गळाभेट घेतली.

नेमके तेव्हाच नितेश, मंजू आणि नितेशचे आईवडील, म्हणजे आमचे इवाई आणि इहीनबाई, दारात आले.

इवाई इकडेतिकडे पाहत म्हणाले, "हे कोण होत जी? तुमच्याकडचे पाहुणे?"

होड्या आणणाऱ्या मुलीने नितेशला सगळं सांगितलं असावं, पण ते इंग्रजीत. त्याचा चेहरा होडीतल्या मच्छीसारखा गुलाबी झाला. "बाबा, शेफ विचारतात, मच्छीत काय खोट होती? ती तशीच खायची असते. तीन वेळा परत कोणी पाठवली?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मंजूच्या डोळ्यांत पाणी. सोयरीक मोडली, असं माझ्या मनाने घेतलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "मंजूच्या मायले पसंत नव्हती."

सुमनने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग पदर सारखा करून म्हणाली, "हो जी. मीच पाठवली."

लग्न झालं. पण पंगतीत इहीनबाई सुमनला म्हणाल्या, "पुरी वाढू का? का परत नेऊ?" नातू झाला तेव्हा त्याला तिच्या मांडीवर ठेवताना म्हणाल्या, "पाहून घ्या जी इहीनबाई, पसंत आहे ना?" सगळं घर हसलं. सुमनही हसली. मला तेवढं हसता आलं नाही.

शेवटी गेल्या महिन्यात, नातवाच्या वाढदिवसाला, आमच्याच अंगणात मी उभा राहिलो आणि पन्नास माणसांसमोर खरं सांगून टाकलं. होडी, अंगठा, रस्सा, सगळं!

इवाईंनी डोळे पुसले. "पाहा! नवरा असावा तर असा! बायकोची चूक या वयात आपल्या अंगावर घेऊन राहिला!"

इहीनबाई त्यांच्यावर कडाडल्या, "शिका काही!" कोणीतरी धावत जाऊन नारळ आणला, शाल आणली. माझा सत्कार झाला!

म्हणून आता हे लेखी देतो आहे, वर्तमानपत्रात छापायला. पाठवण्याआधी सुमनला वाचायला दिलं. तिने शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "पाठवू नोका जी. लोक म्हणतील, बुढीनं नवऱ्याच्या मानेवर बसून लिहून घेतलं."

तिचं बरोबरच असणार. तरी पाठवतो आहे. मला यातलं समजतं.