राणीचं कुंपण

तार कुठे तुटली नव्हती. खांब उभे होते. फाटकाला कुलूप होतं. आणि राणी घोडी कुंपणाबाहेर, रेल्वेलाइनच्या कडेला निवांत चरत होती.

घोरावाडी स्टेशनजवळच्या घोड्यांच्या फार्मवर मी नुकताच सुपरवायझर म्हणून लागलो होतो. महायुद्धाचे दिवस. गडीमाणसं मिलिटरीच्या कामावर गेलेली, म्हणून अख्खं कुंपण मी एकट्यानं घातलं होतं. काटेरी तारेनं घोड्याचं अंग फाटतं, म्हणून साधी तार. ती पहारीला गुंडाळून ताणायची, पहार पोटानं दाबून धरायची आणि मोकळ्या हातांनी यू-खिळा ठोकायचा. हा खिळा दोन टोकांचा असतो, तार पोटात घेऊन खांबात बसतो. माझ्या पोटावर वळ उठले होते, पण कुंपणाचा भलताच अभिमान वाटत होता.

घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दार धोंडूआबांनी राणीला आत आणलं. "तार तुटली न्हाई, मग ही गेली कुटनं?"

"उडी मारली असेल."

"गाभण हाय ती. उडी कसली मारती?"

मधली तार सैल लोंबत होती, खिळे गवतात पडले होते. मला वाटलं, कुणीतरी मुद्दाम उपटलेत. मी लांब खिळे ठोकले. दुसऱ्या दिवशी राणी पुन्हा लाइनीवर.

मालक पुण्याहून आले. "गाडीखाली आली तर दोन जीव जातील. परत सुटली, तर तुम्ही दुसरीकडे काम बघा."

माझं डोकंच चालेना. मी कुंपणाजवळ बसून राहिलो. दुपारी राणी आली. पलीकडच्या गवतासाठी तिनं तारेला छाती लावली आणि रेटत राहिली. एक खिळा निघाला, मग पुढचा. तार मी खांबांच्या बाहेरच्या अंगाला ठोकली होती. घोडी आतून रेटणार म्हटल्यावर खिळे उपसणारच.

आमच्या परंदवडी गावात कुंपण पिकाला घालतात. गुरं बाहेरून येतात, म्हणून तारही बाहेरून. माझा हात त्याच सवयीनं चालला होता.

सगळी तार काढून मी आतल्या अंगाला ठोकली. राणीनं रेटली, तशी ती खांबालाच दाबली गेली. लाइनीवरून मेलगाडी धडधडत गेली. राणी आतच होती.

"नवीन तार आणली?" मालकांनी विचारलं.

"नाही, तीच. आतून ठोकली."

"मग आधी बाहेरून का?"

"साहेब, आजवर जनावरं बाहेर ठेवायलाच कुंपण घातलं होतं."

आता कुंपणाचं काम आलं, की खड्डे काढण्याआधी मी विचारतो, जनावर कुठल्या बाजूला राहणार? लोक मला खुळ्यात काढतात. राणी मात्र कुंपणाच्या आतच व्याली.